एक हात कमी

गिरजामावशी कोणाच्या दारात गेली की आधी माणसाकडे नाही, जमिनीकडे पाहायची. घरातली बाई पदराला हात पुसत "या वो मावशी" म्हणत बाहेर यायची, आणि ही मान खाली घालून सकाळचा सडा कुठवर पडला आहे ते बघत उभी. शेणपाण्याची ओली कड जिथं संपते तिथं तिची नजर जाऊन थांबायची. मग वर पाहून म्हणायची, "आज पाव्हणे येऊन राहिले वाटते." किंवा, "सासूले बरं नाही का वो?" बहुतेक वेळा ते खरं निघायचं. पाहुणे येणार असले की बाई हात सैल सोडून लांबवर सडा टाकते, घरात दुखणं असलं की दाराशीच चार थेंब उडवून आत पळते, असं तिचं म्हणणं होतं.

मला तिची ही सवय आवडत नसे. खरं म्हणजे तिची कोणतीच सवय आवडत नसे, कारण मी तिच्यावर जळत होते. दोनचार दिवस नाही, सलग तीन वर्षं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहीन ते कोणत्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे ते तुम्हाला कळेल.

आमचं गाव मध्य प्रदेशातलं, सौंसर आणि पांढुर्णा यांच्या मधलं. नाव लिहीत नाही, नाही तर गल्लीतले लोक रस्त्यात थांबवून जाब विचारतील. माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, आई रोजीने संत्री तोडायला जायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. रोज बसने सौंसरला जाऊन बी.ए. केलं, मग लग्नानंतरही नवऱ्यासकट ह्याच माहेरच्या घरात राहिले आणि घरी बसून एम.ए. केलं. आमच्याकडे बायाही "मी जातो, मी करतो" असंच बोलतात. मी कॉलेजात "जाते, करते" म्हणायला शिकले आणि गावात परत आल्यावरही सोडलं नाही. त्यावरून माझी नक्कल व्हायची. होऊ दे. मी मेहनतीने मिळवलेली गोष्ट होती ती.

नगर परिषदेच्या निवडणुकीत आमचे दोन्ही वॉर्ड बायांसाठी राखीव झाले तेव्हा माझ्या वॉर्डातून मी उभी राहिले आणि शेजारच्या वॉर्डातून गिरजामावशी. दोघीही पार्षद, म्हणजे नगरसेविका, झालो. माझ्या वॉर्डातली जिनिंग गल्ली आणि तिच्या वॉर्डातली मारोती गल्ली, दोन्हींची घरं पाठीला पाठ लावून उभी. मी एम.ए. आणि ती दुसरीतून शाळा सुटलेली. तीस वर्षं डोक्यावर भाजीची टोपली घेऊन तिने गाव पालथं घातलेलं. नवरा फार आधीच गेला होता, मुलगी शोभा आणि जावई तिच्याजवळच राहायचे. सही करायची तर ती जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर काढायची, आणि झाल्यावर कागद लांब धरून पाहायची, काढलेली रांगोळी पाहावी तशी.

बैठकीत माझे अर्ज टाइप केलेले असायचे, शुद्ध हिंदीत. विषय, संदर्भ, प्रतिलिपी, सगळं जागच्या जागी. नगर परिषदेचे मुख्य अधिकारी, सीएमओ साहेब, वाचायचे, "मॅडम, बहुत अच्छा लिखा है," म्हणायचे आणि फायलीत ठेवून द्यायचे. मावशी कागद आणतच नसे. ती खुर्चीच्या टोकावर बसून म्हणायची, "साहेब, माह्या गल्लीत एक डाव येऊन जा. पाहून घ्या, चहा प्या, मंग नाही म्हणा." आणि साहेब जायचे. ते गेले की आठवड्यात हातपंप दुरुस्त, खांबावरचा दिवा चालू. माझ्या गल्लीतला एक दिवा लागायला मला सात अर्ज करावे लागले.

वर भर बैठकीत ती मला "बीए" म्हणायची. "थे बीए सांगून राहिली थे बराबर हाये साहेब." सगळे हसायचे. मी तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, मी एम.ए. आहे."

"हाव ना माय," ती म्हणाली. "पण बीए तोंडात बसते."

त्या वर्षी दोन्ही गल्ल्यांसाठी सिमेंटचा रस्ता आणि दोन्ही बाजूंनी झाकलेली नाली मंजूर झाली. अडचण होती ओट्यांची. आमच्याकडे ओटा म्हणजे नुसती बसायची जागा नाही. सकाळचा चहा, डाळ निवडणं, म्हाताऱ्यांचं ऊन खाणं, सोयरीक जमणं आणि मोडणं, सगळं ओट्यावर. आणि तो दर पिढीला वीतभर पुढे सरकतो. आजोबांनी बांधलेला ओटा नातवाच्या वेळी नालीच्या पलीकडे गेलेला असतो. उपयंत्री, म्हणजे नगर परिषदेचा इंजिनियर, छिंदवाड्याकडचा तरुण पोरगा होता, त्याने आम्हा दोघींना बसवून साफ सांगितलं की तो मशीन आणणार नाही, पोलीस आणणार नाही. लोकांनी आपापल्या हाताने ओटे मागे घ्यायचे. जी गल्ली आधी मोकळी होईल तिथं काम आधी. आणि होळीपर्यंत जी मोकळी होणार नाही तिचा रस्ता दुसऱ्या वॉर्डात जाईल.

मी दुसऱ्याच दिवशी कामाला लागले. सूचनापत्र छापून घरोघरी वाटलं. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक घेतली, नकाशा भिंतीला लावला, टेप घेऊन घराघरासमोर माप घेतलं. लोक मान डोलवायचे. मग म्हणायचे, "ताई, तुमचं बराबर आहे. पण पहिले त्याचा निघू द्या." त्याच्याकडे गेलं की तो याच्याकडे बोट दाखवायचा. आणि दोघंही बोलून झालं की जराशी मान वळवून माझ्या घराच्या दिशेने पाहायचे. ते का पाहायचे ते मला माहीत होतं. ते पुढे सांगते.

मावशीच्या गल्लीत मात्र बैठक नाही, कागद नाही, काहीच हालचाल नाही. मला आतून बरं वाटत होतं. पोळा झाल्यावर एक दिवस माझ्या शेजारची वनिता म्हणाली, "ताई, मावशीनं गल्लीतल्या बायाले सडा कमी टाकाले लावला म्हणते." मी हसले. पण झोप लागेना, आणि सकाळी दूध आणायच्या निमित्ताने मारोती गल्लीतून गेले.

मावशी रुखमाच्या दारात उभी होती. रुखमा बादली घेऊन ओट्याच्या पार पलीकडे, रस्त्याच्या मधापर्यंत सडा टाकत होती.

"रुखमे, उद्यापासून एक हात कमी टाक," मावशी म्हणाली.

"काऊन वो मावशी? शेण महाग झालं का?"

"तुही कंबर दुखून राहिली ना. तेवढंच वाकणं कमी."

"एक हातानं का होते मावशी. माही सासू म्हणन, सून आळशी झाली."

"सासूले माह्याकडे धाड. तिच्या वेळचा सडा मी पाह्यला आहे. तिचा तं उंबऱ्यातच संपे."

आतून सासूचा आवाज आला, "ऐकू येऊन राहिलं मले, गिरजे." आणि सगळ्या हसल्या.

एवढंच. मला वाटलं, बाई म्हातारपणाने बरळते आहे. पण आठ दिवसांनी आणखी एक हात कमी. दसरा येईपर्यंत मारोती गल्लीतला सडा ओट्याच्या अर्ध्यावर आला होता. ओट्याचा बाहेरचा अर्धा भाग कोरडा राहायला लागला. जिथं सडा नाही तिथं रांगोळी नाही, जिथं रांगोळी नाही तिथं कोणी झाडत नाही. धूळ बसली. कुत्री येऊन झोपायला लागली. कुत्री झोपतात म्हणून बाया तिथं बसेनाशा झाल्या, आतल्या अर्ध्यावर सरकून बसू लागल्या. दिवाळीच्या सफाईत कोणीही तो बाहेरचा भाग सारवला नाही. मग उपयंत्री चुना घेऊन आला आणि त्याने नालीची रेघ मारली, तर ती बरोबर सड्याच्या कडेला पडली. पुरुषांनी घरातून सब्बल, म्हणजे पहार, काढली आणि ती धूळभरली बाजू फोडून टाकली. एकानेही "पहिले त्याचा" म्हटलं नाही. रुखमाचा नवरा म्हणाला, "बरं झालं, कुत्र्यायचा अड्डाच झाला होता."

मी नंतर मावशीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माणसाले जागा सोड म्हटलं की थो लाठी काढते. पण ज्या जागेवर बाईचा हात फिरणं बंद होते ना बीए, थे जागा घराच्या मनातून सुटते. मंग नवऱ्याले फक्त फोडाले लावायचं." तीस वर्षं ती प्रत्येक ओट्यावर टोपली टेकवत आली होती. कोणता ओटा आधी कुठवर होता आणि किती पुढे आला, हे तिला उपयंत्र्याच्या टेपपेक्षा चांगलं माहीत होतं.

तिचा रस्ता झाला. नारळ फुटला, सगळ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या, पेपरात फोटो आला. फोटोत मावशी अध्यक्षांच्या शेजारी उभी, डोक्यावर पदर, मान खाली. जमिनीकडेच पाहत होती. सीएमओ साहेब मला म्हणाले, "मॅडम, गिरजाबाई से कुछ सीखिए." माझा नवरा सहसा माझ्या कामात पडत नाही. तोही जेवताना म्हणाला, "मावशीनं कमाल केली बा." मी त्याला वाढलेली भाजी परत भांड्यात टाकली.

आता एक गोष्ट लिहिते, जी मी कोणाला सांगितली नव्हती. रस्त्याचं सिमेंट ओलं होतं त्या संध्याकाळी मी तिथून गेले. गोणपाट टाकून रस्ता झाकला होता, रुखमाच्या दारासमोर एक कोपरा उघडा होता. मी आजूबाजूला पाहिलं आणि त्या कोपऱ्यावर माझ्या चपलेची टाच दाबली. चांगली जोर देऊन. मग घरी येऊन टाच धुतली. एम.ए. झालेली, दोन लेकरांची आई, वॉर्डाची पार्षद, आणि हे केलं.

त्यानंतर मी ठरवलं की तिला जमलं ते मलाही जमेल. पण आठवडा आठवडा थांबायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि एकेकीच्या दारात उभं राहून कंबरदुखीची चौकशी करणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी सरळ मार्ग काढला. एका पहाटे, गल्ली उठायच्या आधी, चुन्याची पिशवी घेऊन मी प्रत्येक दारासमोर पांढरी रेघ मारली. सडा इथवरच टाकायचा, हे बायांना दिसावं म्हणून. दिवस उजाडल्यावर समजावून सांगणार होते.

त्या दिवशी अमावस्या होती. एवढं शिकून मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं.

सूर्य वर यायच्या आत गल्लीत कालवा झाला. अमावस्येच्या सकाळी दारात पांढरी रेघ म्हणजे करणी, यात कोणालाच शंका नव्हती. वनिता दारात उभी राहून ओरडत होती, "कोणं केलं हे माह्या दारात? हात झडतीन त्याचे." कोणी लिंबू कापले, कोणी मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्या दिवशी बायांनी रेघ धुऊन काढायला असा सडा टाकला की पाणी समोरच्या घरापर्यंत गेलं. सडा कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. मी घरात बसून ऐकत होते. दुपारी शेवटी बाहेर येऊन सांगितलं की रेघा मी मारल्या. मग वनिताच्या सासूने विचारलं, "हात तं झडले नाही ना वो तुहे?" आणि सगळी गल्ली हसली. आठ दिवस पुरलं ते हसू. होळी महिन्यावर आली होती.

अशा वेळी एका सकाळी गिरजामावशी माझ्या दारात आली. पार्षद झाल्यापासून तिने टोपली सोडली होती, पण त्या दिवशी कडेवर मेथीच्या चार जुड्या होत्या, शोभाच्या वाफ्यातल्या. मी "या" म्हटलं. ती आली नाही. नेहमीसारखी जमिनीकडे पाहत राहिली.

"बीए," ती म्हणाली, "तुह्या दारचा सडा तं गल्लीच्या मंधात येऊन राहिला."

इथं ती राहिलेली गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत सगळ्यांत पुढे आलेला ओटा माझा होता. मी बी.ए. झाले त्या वर्षी बाबांनी तो बांधला. जिनिंगमधून सुटून आल्यावर स्वतः दगड रचायचे. समोरच्या कडेला त्यांनी एक शहाबादी फरशी बसवली आणि कारागिराकडून तिच्यावर अक्षरं कोरून घेतली: कु. सुनंदा, बी.ए. बाबांना वाचता येत नव्हतं. ते त्या खाचांवरून बोट फिरवून आल्यागेल्याला सांगायचे, "हे नाव, आणि हे पुढचं, थे कॉलेजचं." एम.ए. नंतर झालं, फरशीवर जागा नव्हती. बाबा गेले त्याला चार वर्षं झाली होती आणि मी रोज सकाळी त्या फरशीवरून हात फिरवून, तिच्या पलीकडे दोन हात सडा टाकत होते. नाली बरोबर तिच्याखालून जाणार होती. आणि मी उपयंत्र्याला सांगून नकाशात माझ्या घरापाशी नाली वळवून घेतली होती. फक्त माझ्या घरापाशी. शाळेच्या वऱ्हांड्यात मी तोच नकाशा भिंतीला लावला, आणि लोकांनी तो वाचला. वाचता न येणाऱ्यांनीही वाचला.

"ती बाबांची आठवण आहे मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला नाही समजायचं."

मावशीने मेथी ओट्यावर ठेवली. फरशीवर नाही, बाजूला.

"मी तीस वर्सं ह्या दारात आलो," ती म्हणाली. "ह्या फरशीवर एक डाव टोपली नाही टेकवली. ओल्या भाजीचं पाणी अक्षरावर नको जायले म्हणून. तुह्या बाबानं काही म्हटलं नव्हतं, मीच नाही टेकवली. आणि खरं सांगू का? रोज वाटे, टेकवावं. दणकन आपटावं. फुटली तं फुटली."

मी ओट्यावर टेकले.

"माही शोभा अन् तू एका वर्गात होत्या. तिले आठवीतून मी काढली. दोन टोपल्या फिरल्या तं घर चाले, एकीनं नाही भागे. ज्या साली तुह्या बाबानं हे फरशी लावली त्या साली शोभाच्या डोक्यावर टोपली होती. थे ह्याच दारातून जाये, अन् तू पुस्तक घेऊन ह्या ओट्यावर बसली राहे. मी जळत होतो तुह्यावर, बीए. आताही जळतो. तू बैठकीत थे कागद वाचून दाखवते ना, तवा माह्या पोटात आग होते."

मी म्हणाले, "मीही."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "आपल्या गल्लीत असल्या टाचीची चप्पल कोणी नाही घालत. थो पोट्टा उपयंत्री बुजवून राहिला होता थो खड्डा. मी म्हटलं, राहू दे बापू. शिकल्यासवरल्या बाईचा पाय लागला रस्त्याले."

मला रडू यायला पाहिजे होतं, राग आला. तिने मला पकडलं होतं आणि चिडवतही होती, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणाले, "मग आता काय, फोडू का बाबांची फरशी?"

"मी काऊन म्हणू? तुह्या बाबाची आहे, तू पाह्य." तिने मेथीकडे बोट दाखवलं. "निवडून घेशीन, माती आहे तिच्यात. अन् जमलं तं उद्या एक हात कमी टाक. फक्त पाहून घे कसं वाटते थे."

ती गेली. दुसऱ्या सकाळी मी बादली घेऊन बाहेर आले. वनिता तिच्या दारात झाडत होती, समोरची म्हातारी दात घासत होती. मी सडा टाकला आणि एक हात आधी थांबले. सवयीने हात पुढे जात होता, तो मी धरून ठेवला असं म्हटलं तरी चालेल. कोरड्या राहिलेल्या त्या पट्टीकडे पाहणं मला फार जड गेलं. वनिताने झाडणं थांबवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी फरशीच्या अलीकडे थांबले. त्या दिवशी बाबांच्या अक्षरांवरून माझा हात फिरला नाही. चौथ्या दिवशी वनिताचा सडा कमी झाला. ती म्हणाली, "कंबर दुखते वो ताई," आणि दोघी हसलो. मी नगर परिषदेत जाऊन उपयंत्र्याला सांगितलं की माझ्या घरापाशी नाली सरळ घ्या. त्याने दुसरं काही न विचारता खोडरबर काढला. मला वाटतं तो किती तरी दिवस वाट पाहत होता.

होळीच्या चार दिवस आधी जिनिंग गल्लीतले ओटे निघाले. पहिला माझा. नवऱ्याने फरशी सांभाळून उचकटायचा प्रयत्न केला, पण बाबांनी ती फार मजबूत बसवली होती. सब्बल लावली तशी ती मधोमध तुटली. एका तुकड्यावर माझं नाव राहिलं, स्वल्पविरामासकट, आणि दुसऱ्यावर बी.ए. मावशी तिथंच उभी होती. ती खाली वाकली आणि तो दुसरा तुकडा उचलून म्हणाली, "हा मले दे. पाणी भरायच्या जागी कामी येईन."

त्या क्षणी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणाले, "न्या." ती तो तुकडा कडेवर घेऊन गेली, लेकरू घेऊन जावं तसा.

आमचाही रस्ता झाला. नारळ फुटला तेव्हा मावशी माझ्या बाजूला उभी होती आणि माझ्या कानात म्हणाली, "तुह्या रस्त्याचा उतार माह्यापेक्षा चांगला आला." तिला खरंच वाईट वाटत होतं. मला बरं वाटलं. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. बैठकीत ती मला बीए म्हणायची, मी तिच्या बोलण्याला मनात हसायची, आणि तिचा हातपंप माझ्याआधी दुरुस्त झाला की माझं जेवण कडू व्हायचं. पण तिच्या दारावरून गेले आणि ती दिसली नाही, तर मी थांबून विचारायला लागले.

नावाचा तुकडा मी घराच्या भिंतीत बसवून घेतला. कु. सुनंदा, आणि पुढे काहीच नाही. येणारा पाहुणा विचारतो, पुढे काय होतं? दर वेळी मला वाटायचं, मावशीला दुसरा तुकडा मागावा. दर वेळी राहून जायचं.

गेल्या थंडीत ती आठ दिवसांच्या तापाने गेली. दोन्ही गल्ल्यांतलं प्रत्येक घर तिच्या दारात होतं. जामसांवलीच्या मारोतीला निघालेली एक जीपभर माणसं अर्ध्या रस्त्यातून परत आली. एवढी गर्दी पाहून, खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आलंच, की मी गेले तर एवढे लोक येतील का.

तेरवीनंतर दोन दिवसांनी मी शोभाकडे गेले. दारात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आधी जमिनीकडे पाहते आहे. घरात दुःख होतं, तरी सडा लांबवर पडला होता. पाण्याच्या जागेजवळ, नांदीच्या बाजूला, तो तुकडा जमिनीत बसवलेला होता, अक्षरं वर. भोवती सारवलेलं होतं. त्याच्यावर हंडा नव्हता, बादली नव्हती. हंडे सगळे पलीकडे ओळीने मांडलेले, अडचणीत. अक्षरांच्या खाचा स्वच्छ होत्या.

शोभाने चहा दिला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "शोभा, तो तुकडा मला परत देशील का? बाबांची आठवण आहे. भिंतीतला तुकडा अर्धाच आहे गं."

शोभाने कपबशी खाली ठेवली. मग म्हणाली, "नाही देत ताई."

"अगं, तुझ्या आईला मीच दिला होता."

"माहीत आहे मले. आई सकाळी उठे तं पहिला हात ह्या दगडावर फिरवे, मंग सडा टाके. त्याच्यावर कोणाले काही ठेवू नाही दे. आता मी फिरवतो." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "थो आमचा झाला आता."

अर्ज करता आला असता तर केला असता. पण हात फिरवण्याचा हा कायदा मी तिच्या आईकडूनच शिकले होते, आणि त्याच्याच जोरावर माझ्या गल्लीत रस्ता झाला होता. मी चहा संपवला आणि उठले. जळले, हे वेगळं लिहायला नको. माझं नाव माझ्या भिंतीत आणि माझी बी.ए. गिरजामावशीच्या अंगणात.

परत येताना रुखमाच्या दारासमोर थांबले. सिमेंटच्या कोपऱ्यात माझ्या टाचेचा खळगा अजून आहे. रस्ता झाल्यावर रुखमाने सडा पुन्हा तिथवर न्यायला सुरुवात केली आहे, मावशी असती तर तिने टोकलं असतं. खळग्यात सकाळचं सड्याचं पाणी साचलं होतं आणि कडेला बोटभर रांगोळी लागली होती. म्हणजे तोही आता माझा राहिला नव्हता.